पायाचं डॉक्टर व्हायचंय : सीमाभागात राहून वाट कुठून निघते?

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस इथलं नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. मी खानापूर तालुक्यातली. सातवीपर्यंत मराठी शाळा, पुढं इंग्रजी माध्यम, मग एमबीबीएस. इंटर्नशिप संपली. सध्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करतेय आणि रात्री नीट पीजीचा अभ्यास चाललाय.

आमच्या आजोबांना १८ वर्षं शुगर होती. मी तिसऱ्या वर्षाला असताना चैत्रात ते सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर गेले. भर दुपारी, अनवाणी. घरी येईपर्यंत तळव्याला फोड आले होते आणि त्यांना पत्ताच नव्हता. रात्री आज्जी पाय चेपायला बसली, तेव्हा तिच्या हाताला ओल लागली. आधी करंगळी गेली, मग शेजारची दोन बोटं, आणि दिवाळीच्या आधी गुडघ्याखालून पाय.

त्या सहा महिन्यांत तो पाय शुगरच्या डॉक्टरांनी बघितला, सर्जननी बघितला, हाडांच्या आणि कातडीच्या डॉक्टरांनीही बघितला. सगळ्यांनी आपापलं काम केलं, पण अख्खा पाय कुणाचाच नव्हता. आजोबा ड्रेसिंगला जाताना शेवटपर्यंत तीच जुनी कडक चप्पल घालून जायचे. ती बदला असं कुणी म्हटलं नाही. माझ्याही लक्षात आलं नाही.

तेव्हापासून मला पायाचंच काम करायचंय. परदेशात त्याला पोडियाट्री म्हणतात एवढं माहीत आहे. वर्गातल्या मैत्रिणी म्हणतात, मग ऑर्थो घे की. बाबा म्हणतात, गायनॅक घे, तालुक्यात नाव होईल. मला विचारायचंय ते असं : आपल्याकडे ही वाट आहे का, कुठल्या शाखेतून जाते, आणि शिकून परत खानापुरात येऊन हे काम करता येईल का? बेंगळुरूत किंवा पुण्यात राहायची माझी इच्छा नाही.

घटप्रभेचा सर्जन

ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. मी जनरल सर्जन आहे, गोकाक-हुक्केरी भागात २२ वर्षं झाली. त्यातली शेवटची १२ वर्षं निम्मं काम पायाचंच आहे. थोडं सविस्तर लिहितो.

भारतात बारावीनंतर थेट पायाचा डॉक्टर करणारी, एमबीबीएससारखी पदवी नाही. अमेरिकेत आहे. तिथं पदवीनंतर ४ वर्षं पोडियाट्रिक मेडिसिन आणि त्यावर ३ वर्षांची रेसिडेन्सी. तो माणूस पायावर शस्त्रक्रियाही करतो. आपल्याकडे या कामात आलेले लोक वेगवेगळ्या दारांनी आत आलेत. बहुतेक जनरल सर्जरीतून, काही ऑर्थो, प्लास्टिक किंवा व्हॅस्क्युलर, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जरीमधून, काही मेडिसिन करून मधुमेहाकडे वळलेले. म्हणजे आधी एमएस किंवा एमडीची ३ वर्षं, आणि मग डायबेटिक फूटची फेलोशिप. बेंगळुरूला सरकारी कर्नाटक इन्स्टिट्यूट ऑफ एंडोक्रायनॉलॉजी अँड रिसर्चमध्ये पोडियाट्रीचा वेगळा विभाग आहे. कोचीला अमृता हॉस्पिटलात आहे. चेन्नईत रॉयपुरमच्या एम. व्ही. हॉस्पिटलात मधुमेही पायाचं काम कित्येक वर्षं चाललंय. डायबेटिक फूट सोसायटी ऑफ इंडिया ही या कामातल्या लोकांची संघटना. मुंबईचे डॉ. अरुण बाळ तिचे संस्थापक अध्यक्ष. तिच्या वार्षिक परिषदेला एकदा जाऊन बसा. सर्जन, फिजिशियन, नर्स, बूट करणारे, सगळे एकाच सभागृहात पायावर बोलताना दिसतील.

तुम्हाला हातात चाकू घ्यायला आवडत असेल तर जनरल सर्जरी घ्या. पू झालेला पाय रात्री दोन वाजता येतो, तेव्हा तो उघडायला दुसऱ्याची वाट बघावी लागू नये. ऑर्थो वाईट नाही, पण तिथं तुमची ३ वर्षं मांडीच्या आणि मणक्याच्या हाडांत जातील.

आता शाखेपेक्षा महत्त्वाचं. पायाला जखम झाली की तीन गोष्टी बघायच्या असतात : रक्त पोचतंय का, जंतू किती खोल गेलेत, आणि चालताना वजन कुठं पडतंय. आम्ही सगळे जंतूंच्या मागं लागतो, अँटिबायोटिक बदलत राहतो. रक्ताचा प्रश्न बोट काळं पडल्यावर विचारतो. वजनाचा प्रश्न विचारतच नाही. तुमच्या आजोबांच्या चपलेबद्दल कुणी बोललं नाही, ते त्यामुळंच.

वजनाची गोष्ट जगाला शिकवणाऱ्यांपैकी एक माणूस आपल्या दक्षिणेतलाच. डॉ. पॉल ब्रँड १९१४ साली तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात जन्मले, पुढं वेल्लोरला कुष्ठरोग्यांसाठी राबले. कुष्ठरोगात बोटं झडतात असं सगळे धरून चालले होते. ब्रँडनी दाखवून दिलं की बोटं आपोआप झडत नाहीत. दुखणं कळत नाही, म्हणून तीच जागा रोज थोडी थोडी दुखावत राहते आणि शेवटी जाते. मधुमेहात नसा बधिर झालेल्या पायाचं नेमकं हेच होतं. ब्रँड पुढं अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग्यांच्या हॉस्पिटलात गेले, आणि कुष्ठरोग्यांच्या तळव्याच्या जखमेला घालायचं प्लास्टर तिथून मधुमेहींच्या पायापर्यंत पोचलं. त्याला टोटल कॉन्टॅक्ट कास्ट म्हणतात. जखमेवर प्लास्टर म्हटलं की नातेवाईक घाबरतात. पण रक्तपुरवठा चांगला असेल, पू नसेल आणि प्लास्टर पायाला अंगासरशी बसवलं असेल, तर वजन सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटलं जातं. वर्षभर न भरलेली जखम सहा-आठ आठवड्यांत भरताना मी बघितलीय. प्लास्टर दर आठवड्याला उघडून बघावं लागतं, आणि कुठल्या पायाला घालायचं नाही हे आधी शिकावं लागतं. ते हाताखाली शिकण्याचं काम आहे, पुस्तकातून येत नाही. फेलोशिप निवडताना एवढंच विचारा : तुमच्याकडे आठवड्याला किती प्लास्टर होतात? त्या उत्तरावरून ठरवा.

आणखी एक. पाय लाल, गरम, सुजलेला, जखम कुठंच नाही, दुखणंही फारसं नाही. असा पाय मुरगळ म्हणून, वात म्हणून, सेल्युलायटिस (कातडीखाली पसरणारा जंतुसंसर्ग) म्हणून महिना-महिना फिरतो. तो शार्को फूट असू शकतो. आतली हाडं ठिसूळ होऊन सरकत असतात. तेव्हाच प्लास्टरमध्ये बसवला तर आकार टिकतो. चालू दिला तर तळवा होडीच्या बुडासारखा गोल होतो, आणि त्या फुगवट्यावर पुढं जखम. आरोग्य केंद्रात बसून तुम्ही हे एक ओळखायला शिकलात तरी पाय वाचतील. त्याला फेलोशिप लागत नाही.

बापाची काळजी

सर, तुम्ही लिहिलंय ते पटलं. मी बाप म्हणून विचारतो, राग मानू नका. माझाही मुलगा मेडिकलला आहे, बेळगावात. एवढी वर्षं शिकून पोरांनी पायाच्या पट्ट्या करत बसायचं का? पोटापाण्याचं काय?

घटप्रभेचा सर्जन

काका, राग कसला. खरं तेच सांगतो. सुरुवातीची काही वर्षं या कामाला हर्निया-मूळव्याधीएवढा पैसा नाही. ऑपरेशनचे पैसे लोक देतात, पण ड्रेसिंगचे द्यायला कुरकुरतात, आणि पाय वाचवण्यात ड्रेसिंगच जास्त असतं. म्हणून मी जनरल सर्जरी सोडली नाही, ताईंनीही सोडू नये. पण गरजेला कमी नाही. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या मोठ्या पाहणीत देशात १० कोटी १० लाख मधुमेही निघाले. मधुमेह असलेल्या माणसाला आयुष्यात कधी ना कधी पायाची जखम होण्याची शक्यता १९ ते ३४ टक्के धरली जाते. पाय कापावा लागतो त्यातल्या बहुतेकांची सुरुवात अशा जखमेनंच झालेली असते. हे लोक कुठं जातात? आमच्या भागात पाय बिघडला की मिरज किंवा हुबळी. तिथं पोचेपर्यंत आठ-दहा दिवस गेलेले असतात. तालुक्यात पाय बघणारा एक माणूस बसला तर पाच वर्षांत त्याला बसायला वेळ मिळणार नाही. रुग्ण वर्षानुवर्षं येत राहतो, सोबत घरचे येतात. माझं हॉस्पिटल त्यांच्यावरच उभं आहे.

थेम्सकाठचा निपाणीकर

मलप्रभाकाठ ताई, मी डॉक्टर नाही, पोडियाट्रिस्ट आहे. बेळगावात फिजिओथेरपी केली, मग इंग्लंडला येऊन ही पदवी घेतली. इथं बीएस्सी पोडियाट्री ३ वर्षांची, स्कॉटलंडमध्ये ४. आधीचं पदवीधर असेल तर २ वर्षांची एमएस्सीही असते. त्यानंतर एचसीपीसी, म्हणजे इथल्या आरोग्य व्यावसायिकांची नोंद ठेवणारी परिषद, तिच्याकडे नोंदणी. नोंदणीशिवाय पोडियाट्रिस्ट म्हणवून घेणं इथं गुन्हा आहे.

माझा दिवस सांगतो, म्हणजे कल्पना येईल. सकाळी नखं, कुरूपं, भोवऱ्या. ८० वर्षांच्या आज्जींना वाकता येत नाही, नखं जाड होऊन बोटात रुतलेली असतात. हे हलकं काम वाटतं, पण नखाखालचं रक्त साकळलेलं किंवा बोटांच्या बेचक्यातली ओल इथंच पहिल्यांदा दिसते. दुपारी रुतलेल्या नखाची छोटी शस्त्रक्रिया : बोट बधिर करून नखाची कड काढायची आणि मुळाला फिनॉल लावायचं, म्हणजे ती कड पुन्हा उगवत नाही. आठवड्यातून दोन दिवस हॉस्पिटलात हाय रिस्क क्लिनिक. तिथं मधुमेहाचे डॉक्टर, व्हॅस्क्युलर सर्जन, बूट करणारा ऑर्थोटिस्ट आणि मी एकाच खोलीत. रुग्ण एकदाच येतो, आम्ही चौघं त्याच्याभोवती फिरतो. आजोबांचं वाचताना मला तीच खोली आठवत होती.

तुमच्या कामाचं म्हणजे, एमबीबीएस हातात असताना इकडच्या पदवीमागं लागू नका. ती वेगळ्या माणसांसाठी आहे. अमेरिकेच्या डीपीएमबद्दलही, म्हणजे तिथल्या पायाच्या डॉक्टरच्या पदवीबद्दलही, मुलं विचारतात. ती पदवी एमबीबीएसच्या बरोबरीची धरत नाहीत, त्यामुळे ती घेऊन परत आलं तर आपल्याकडच्या डॉक्टरांच्या नोंदणीची परीक्षा देता येत नाही. शिवाय भारतात डीपीएम म्हणजे मानसोपचाराचा डिप्लोमा. गावाकडं पाटी लावली तर लोक भलतंच समजतील! परदेशातच राहायचं ठरलेल्या मुलांसाठी या वाटा चांगल्या आहेत, तुमच्यासाठी नाहीत.

एक गोष्ट मात्र निपाणीचा म्हणून सांगतो. पाय म्हणजे फक्त शुगर धरू नका. आमच्याकडं तंबाखूच्या वखारी, विड्या वळणारी घरं. माझे चुलते चाळिशीच्या आत बोटं काळी पडून गेले, शुगर नव्हती. बिड्या ओढणाऱ्या तरुण माणसाच्या हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात, बर्गर्स डिसीज म्हणतात त्याला. त्यावर सगळ्यात मोठं औषध म्हणजे तंबाखू पूर्ण बंद. चार पावलं चाललं की पोटरी धरते, थांबलं की बरं वाटतं, असं कुणी म्हणालं तर आधी घोट्याजवळची आणि पावलावरची नाडी चाचपा.

चिकोडीची सिस्टर

डॉक्टर मॅडम, मी डॉक्टर नव्हे ओ, नर्स हाय. तीस वर्षं ड्रेसिंग करतोय. माझं पण ऐका की.

पेशंटला पाय बधिर हाय का म्हणून विचारला तर नाही म्हणतंय. तसं विचारायचंच नाही. "चालताना चप्पल पायातनं निघून जाती आणि कळत नाही, असं होतंय का?" म्हणून विचारा. लगेच होय म्हणतंय. कानडी पेशंट असला तर "काल जोमु हिडदैती" म्हणतंय, त्याचा अर्थ तोच. आपल्या भागात दोन्ही भाषेत विचारायला यायला पाहिजे, नाहीतर अर्धी माणसं हातातनं जातात.

बायकांचं वेगळं असतंय. साडीखालनं पाय दाखवायला लाजतात, पुरुष डॉक्टर असला तर जास्तच. तुमच्यापुढं दाखवतील. जोडवी बघा. पाय सुजलेला असतोय, जोडवं आत रुतून बसलेलं असतंय, खाली जखम. काढा म्हटलं की सासू रागावती. मी काय करतोय, दुसऱ्या पायाच्या चांगल्या बोटात घालायला सांगतोय, नाहीतर दोरीत ओवून गळ्यात. समजून सांगितलं की ऐकतात.

तुमच्या खानापूर भागात रोप लावणीत पाय दिवस दिवस पाण्यात. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, त्यातनंच पू आत शिरतोय. पाय धुतल्यावर बेचकं कोरडं करा म्हणून सांगा, आणि तेल पायाला लावा पण बेचक्यात नको. कुरूप ब्लेडनं कापणारे, दुकानातली कुरपाची पट्टी लावणारे भरपूर हाईत. त्या पट्टीत अॅसिड असतंय, शुगरवाल्यानं लावली की खड्डाच पडतोय. गरम पाण्यात पाय सोडायचं तर सोडूच नका, आणि आंघोळीचं पाणी पायानं नव्हे, कोपरानं बघायचं.

आणखी एक. डॉक्टर एकटा ट्रेनिंगला जातोय आणि परत येऊन मला सांगतोय, त्यात निम्मं राहतंय. आपल्या सिस्टरला पण घेऊन जावा.

घटप्रभेचा सर्जन

सिस्टर, शेवटचं वाक्य लाखमोलाचं. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे ज्यात होते त्या मधुमेही पायाचं शिक्षण देणाऱ्या स्टेप बाय स्टेप उपक्रमात नेमकं हेच केलं होतं. डॉक्टर आणि नर्स अशी जोडीच शिकायला बोलवायची, एकट्याला घ्यायचं नाही.

अथणीचं पायताण

रामराम. हा विषय माझ्या दोन्ही घरांचा आहे म्हणून लिहितो. आमच्यात तीन पिढ्या चपला करतात. मी बारावीनंतर प्रॉस्थेटिक्स-ऑर्थोटिक्सची (कृत्रिम हातपाय आणि आधाराची साधनं करण्याची) पदवी केली, बीपीओ म्हणतात. इंटर्नशिप धरून साडेचार वर्षं, भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी मिळते. मुंबईत हाजी अलीजवळच्या अखिल भारतीय संस्थेत ती शिकवतात, कोलकात्याला आणि कटकजवळही. डॉक्टर न होता पायाचं काम करायचं असेल त्या मुलांनी हे बघावं, आपल्या भागातून फार कमी जातात.

कोल्हापुरी चप्पल म्हणतात ती नुसती कोल्हापूरची नाही. २०१९ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं ते महाराष्ट्रातल्या ४ आणि कर्नाटकातल्या ४ जिल्ह्यांना मिळून : कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडं बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अथणी, निपाणी, चिकोडी ही आमची गावं. कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, शिवण चामड्याच्या वादीची, खिळा एक नाही. खिळा नाही ही बधिर पायासाठी मोठी गोष्ट आहे, कारण कारखान्यातल्या बुटातला वर आलेला खिळा मी तळव्यात घुसलेला बघितलाय आणि माणूस त्यावर दोन दिवस चालला होता.

पण खरं तेही सांगायला पाहिजे. आमची चप्पल बधिर पायाला चालत नाही. तळ कडक, अंगठ्याची वादी बेचक्यात घासते, पाठीमागं पट्टा नाही त्यामुळे बोटं आवळून चालावं लागतं. हे मी घरात बोललो तेव्हा वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस शेजारच्या मामांचा तळवा त्यांना दाखवला, अंगठ्याच्या बुडाला रुपयाएवढा खड्डा. वडिलांनी तो पाय मांडीवर घेतला, बोटानं चाचपला आणि म्हणाले, इथं तळ कोरून मऊ भरायला पाहिजे. कुणी शिकवलं नव्हतं. जो हात ४० वर्षं तळ कापतोय त्याला वजन कुठं पडतंय ते कळतंच.

आता आम्ही दोघं मिळून करतो. आत एमसीआर, म्हणजे कुष्ठरोग्यांच्या चपलेसाठी वापरतात ते बारीक छिद्रांचं मऊ रबर. वरून आमचंच कमावलेलं कातडं, पण आतल्या बाजूला शिवण येऊ द्यायची नाही. पाठीमागं पट्टा, वरती वेल्क्रो, अंगठ्याची वादी काढून टाकलेली, पुढून बोटं झाकलेली. दिसायला सँडल वाटतं. दवाखान्याचं काळं बूट म्हटलं की बायका घालत नाहीत, लग्नाला तर नाहीच. हे घालतात.

मॅडम, एक लक्षात ठेवा. बधिर पायाचा माणूस नेहमी घट्ट चप्पल निवडतो, कारण घट्ट असली तरच पायात काहीतरी आहे असं त्याला वाटतं. त्याला "बरोबर बसली का" असं विचारून उपयोग नाही. माप आपणच घ्यायचं. आणि नवीन चप्पल पहिल्या दिवशी एक-दोन तासच, मग काढून तळवा बघायचा, कुठं लाली आहे का.

मोदगा एक्स्प्रेस

मध्येच विचारतो. बहीण बारावीला आहे, नीट देणार. आम्ही ८६५ गावांतले. महाराष्ट्रात आपल्याला वेगळ्या जागा असतात म्हणे?

बापाची काळजी

असतात. सीमाभागातल्या वादग्रस्त ८६५ गावांतल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात एमकेबी (महाराष्ट्र-कर्नाटक बॉर्डर) नावानं काही थोड्या जागा राखीव असतात. रहिवासाचा आणि मातृभाषेचा दाखला लागतो. दाखल्यासाठी निकालाची वाट बघू नका, आत्ताच कामाला लागा. आमच्या थोरल्याच्या वेळी दाखला हातात येईपर्यंत पहिली फेरी निघून गेली होती. नीटचा पेपर मराठीतूनही देता येतो, पण पुढचं सगळं शिक्षण इंग्रजीत, हे धरूनच तयारी करा. कर्नाटकातल्या जागांसाठीही अर्ज भरा, एका दारावर बसू नका.

मलप्रभाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे लिहिलं नाही, कारण वाचून गप्प बसवेना. काय केलं ते सांगते.

आमच्या केंद्रात गुरुवारी शुगर-बीपीचे रुग्ण येतात. आत्तापर्यंत मी वही बघून गोळ्या द्यायचे. गेले तीन गुरुवार दाराबाहेर बाक टाकला, शेजारी पाण्याची बादली आणि पंचा. आत येणाऱ्यानं चप्पल, पायमोजे काढून बसायचं. बेळगावातून १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट, म्हणजे स्पर्श कळतो का बघायचा नायलॉनचा दोरा, आणि कंपन कळतं का बघायला १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क आणला. दोरा आधी रुग्णाच्या कपाळाला टेकवून दाखवते, मग डोळे मिटायला सांगून अंगठ्याच्या तळाला आणि पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या बोटाच्या बुडाला. भोवरीवर नाही, तिथं कुणालाच कळत नाही. एका दिवसात दहाएक रुग्ण झाले की तो दोरा वाकून मऊ पडतो, त्याला विश्रांती द्यावी लागते, म्हणून आता दोन घेतलेत.

पहिल्या गुरुवारी १९ जण होते. ७ जणांना दोरा कळला नाही. त्यातल्या एका आज्जींच्या टाचेत बाभळीचा काटा होता, किती दिवसांचा कुणास ठाऊक. त्या हसत होत्या. मी काटा काढला तेव्हाही हसतच होत्या, कारण दुखलंच नाही. मला तिथं उभं राहवेना.

आमच्या सिस्टरना हा धागा वाचून दाखवला. त्यांनी वहीत नवा रकाना पाडला : डावा पाय, उजवा पाय. दोरा कळतो आणि नाडी लागते त्याला वर्षानं पुन्हा बघायचं. एकच बिघडलेलं असेल तर सहा महिने ते वर्षात. दोन्ही बिघडलेलं, किंवा एक बिघडून बोटही वाकडं आहे त्याला तीन ते सहा महिन्यांत. आधी जखम झालेली असेल किंवा बोट गेलेलं असेल त्याला एक ते तीन महिन्यांत. हातातला डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं यंत्र, अजून नाही. त्यासाठी घटप्रभा सर, तुमच्याकडे महिन्यातून एक रविवार येऊन बसले तर चालेल का? घोट्याचं आणि दंडाचं प्रेशर काढून भागाकार करायला मला शिकायचंय. ०.९ च्या खाली आला तर रक्त कमी, हे वाचलंय. पण शुगरवाल्यांच्या कडक झालेल्या रक्तवाहिन्यांत तो खोटाच जास्त येतो, तेव्हा काय करायचं ते तुमच्या हाताखाली बघायचंय.

बाबांशी बोलले. जनरल सर्जरी भरणार हे त्यांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, तुझ्या आजोबांची कुबडी माळ्यावर आहे, ती केंद्रात नेऊन ठेव, कुणाला तरी लागेल.

घटप्रभेचा सर्जन

या की. पहिला रविवार धरा, सकाळी ९ ला. सिस्टरना सोबत आणा. भागाकार १.३ च्या वर आला तर त्यावर विश्वास ठेवायचा नाही, तेव्हा अंगठ्याचं प्रेशर काढतात, तेही दाखवतो. त्या दिवशी एक प्लास्टर बदलायचं आहे, ते तुम्हीच कापा.

मलप्रभाकाठ

नक्की येते सर.

अथणीचे दादा, काट्यावाल्या आज्जींसाठी आणि आणखी चौघांसाठी सँडल करून मिळतील का? माप कसं पाठवू? दोघींची बोटं वाकडी आहेत.

अथणीचं पायताण

करून देतो मॅडम. माप सकाळी घेऊ नका, संध्याकाळी घ्या, दिवसभरात पाय सुजतो. मोठा कागद जमिनीवर ठेवा, त्यावर आज्जींना दोन्ही पायांवर उभं करा, बसून नको. पेन्सिल सरळ उभी धरून कड काढा, तिरकी झाली की माप आत जातं. दोन्ही पायांचं वेगळं काढा, एकावरून दुसरा करत नाहीत. मग बोटांच्या बुडाशी आणि पावलाच्या मधोमध सुतळी गुंडाळून घेर मोजा, सुतळी कागदालाच चिकटवून टाका. वाकड्या बोटाची उंची पट्टीनं मोजून बाजूला लिहा, वरचं कातडं तेवढं उंच घेतो. जिथं भोवरी आहे तिथं तळव्याला थोडी लिपस्टिक लावून कागदावर उभं करा, ठसा उठेल. तिथंच आम्ही तळ कोरणार.

पुढच्या शुक्रवारी कातडं घ्यायला बेळगावात आहे. कागद बसनं पाठवू नका, घडी पडली की माप चुकतं. गुंडाळी करून ठेवा, मी येऊन घेतो.